नकारांक

बेडगच्या एका आजोबांच्या कानात मी बारीक सूर सोडत होते. ऐकू आला की बोट वर करा, असं त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात माझा कार्डाचा अर्ज नाकारल्याचा संदेश आला. आजोबांनी बोट वर केलं आणि मी नोंद करायची विसरले.

नकाराची मला सवय होती. चार वर्षांत हा माझा तिसरा अर्ज. आधीच्या दोन्ही वेळी 'जुनी थकबाकी' असं कारण आलं होतं आणि त्यावर भांडायला जागा नव्हती. या वेळी मात्र मी छाती पुढे काढून अर्ज केला होता. सगळं कर्ज फिटलं होतं, बत्तीस महिन्यांत एक हप्ता चुकला नव्हता, वर चाळीस हजारांची ठेव कंपनीकडे तारण ठेवायला मी तयार होते. म्हणजे मी बुडाले असते तरी कंपनीचा एक रुपया बुडणार नव्हता. तरीही नकार आला, आणि खाली कारण होतं: 'अर्जदाराची नकारक्षमता अपुरी आहे.'

हे वाक्य मी चारदा वाचलं. आजोबांनी "झालं का, बाई?" असं विचारलं, तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून तपासणी सुरू केली.

मी पद्मजा मगदूम. वय एकोणपन्नास, लग्न केलं नाही, मिरजेत डॉक्टर मेंढ्यांच्या दवाखान्यात तेवीस वर्षं लोकांचे कान तपासते. माझी पत घसरली ती संजय खोतांमुळे. हे आमच्याच दवाखान्यात हिशेब बघायचे. एकदा डबा खाताना त्यांनी पतसंस्थेचा कागद पुढे केला आणि जामीन राहता का म्हणून विचारलं. मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून 'बघू' आलं. आपल्याकडे बघू म्हणजे नाही, हे समोरच्याने ओळखायचं असतं. खोतांनी ओळखलं नाही, किंवा फारच चांगलं ओळखलं. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. दीड वर्षाने खोत गाव सोडून गेले आणि त्यांचे हप्ते माझ्या दारात आले. भीड भिकेची बहीण, असं आई म्हणायची. त्या बहिणीला मी स्वतः घरात घेतलं होतं.

कार्ड मला मिरवायला नको होतं. डॉक्टर मेंढे दिवाळीनंतर दवाखाना बंद करून मुलाकडे जाणार होते. कान तपासायचं यंत्र भाड्याने मिळालं तर मी स्वतःचं छोटं दुकान टाकू शकत होते. पण चांगली पत असल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आता यंत्र मिळत नाही आणि गाळाही मिळत नाही. कार्ड नाही तर पन्नाशीला मी घरी बसणार होते, आणि घरी बसून खायचं काय याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी सांगलीला 'सुपत' कार्ड कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या शिरीन नदाफ नावाच्या मुलीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझा एक आलेख पडद्यावर आणला. आलेख बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण असले आलेख मी रोज काढते. तो माझ्या आवाजाचा होता.

शिरीनने सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी लाखो बुडीत खाती तपासली. कमी पगारवाले बुडतात असा सगळ्यांचा समज होता, पण सर्वात जास्त बुडाले होते ते नाही म्हणू न शकणारे. मग त्यांनी हे मोजायचं कसं ते शोधून काढलं. कुणी काही मागितलं की 'हो' चटकन येतं, साधारण सेकंदाच्या पाचव्या भागात. 'नाही' उशिरा येतं. आधी माणूस एक छोटा श्वास घेतो, गळ्याचे स्नायू आवळतात, आवाजाची पट्टी किंचित चढते. हे सगळं इतकं बारीक असतं की समोरच्याला समजत नाही, यंत्राला समजतं. ज्याचं 'नाही' जितकं उशिरा आणि जितकं चढून येतं, तितका तो पुढेमागे दुसऱ्याच्या कर्जाखाली सापडायची शक्यता जास्त. अर्ज करताना फोन ऐकायची परवानगी आपण देतोच. त्या बोलण्यांतून यंत्र एक आकडा काढतं, त्याला नकारांक म्हणतात. कार्डासाठी साठ लागतो. माझा एकोणीस होता.

मी म्हटलं, मी आजवर कुणाचे पैसे बुडवले नाहीत.

"तुम्ही बुडवणार नाहीच, मॅडम," शिरीन म्हणाली. "तुम्हाला कुणीतरी बुडवणार."

तिचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मग तिने उपाय सांगितला. सहा महिन्यांचा पत-उभारणी कार्यक्रम. या काळात कंपनी मला कधीही, कुणाच्याही आवाजात काहीतरी मागणार, किंवा घ्या म्हणून आग्रह करणार. मी स्वच्छ नकार द्यायचा. फोन सतत ऐकत राहणार आणि प्रत्येक नकार मोजणार, मागणी खरी असो की परीक्षेची. ही परीक्षा आहे का, असं कुणालाही विचारायचं नाही. विचारलं की कार्यक्रम रद्द आणि पुढची पाच वर्षं अर्ज बंद. शेवटी कायद्याप्रमाणे सगळ्या परीक्षांची यादी घरी येणार. शिरीनने सहीसाठी पाटी पुढे सरकवली. घरी जाऊन विचार करते, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. पण ती मुलगी इतक्या आपुलकीने बघत होती की मी सही केली. माझा एकोणीस तिथेच सिद्ध झाला.

चौथ्या दिवशी निपाणीच्या मावशीचा फोन आला. दात बसवायचेत, वीस हजार कमी पडतायत, म्हणाली. मला आवाजातलं कळतं, तो माझा धंदाच आहे. मावशीच्या कवळीतून 'स' म्हणताना हलकी शीळ येते, ती येत होती. मध्येच ती खोकली, तेही तिच्यासारखंच. मी म्हटलं, "बघू, मावशी." फोन ठेवल्या ठेवल्या त्यातून एक खर्जातला सूर आला आणि आकडा सोळावर उतरला. मी मावशीला उलट फोन लावला. ती भाजणी दळायला गिरणीत गेली होती आणि तिला दातांचं काही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून प्रत्येक फोन मी तीनदा वाजू देऊन मगच उचलायला लागले. डॉक्टर मेंढ्यांच्या आवाजात उसने पैसे मागितले गेले, माझ्या शाळेतल्या बाईंच्या आवाजात वर्गणी. कोण खरं आणि कोण नाही हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही, आणि जिच्या कानांवर तिचं पोट आहे तिला हे समजणं किती भयंकर असतं ते मी कुणाला सांगू शकले नाही. मी आरशासमोर उभी राहून 'नाही, मला जमणार नाही' घोटायला लागले. सुरुवातीला स्वतःलाच नाही म्हणताना लाज वाटायची. तिसऱ्या महिन्यात लाज गेली. नकार नीट मोजला गेला की फोन वरचा, गोड सूर देतो. त्या सुरासाठी मी आसुसायला लागले. आकडा अडतीस झाला.

फोनवरचं सगळं खोटं धरायचं आणि घरी आलेलं माणूस तेवढं खरं मानायचं, असा मी माझ्यापुरता नियम केला होता. आमच्याकडे जामीन मागायचा तर माणूस चपला झिजवून घरी येतो, फोनवर कुणी मागत नाही. तोही नियम अनुराधा कोरेने मोडला. अनुराधा वीस वर्षांची शेजारीण. एका सकाळी आली, चहा घेतला आणि मुलीच्या स्कूटरला जामीन राहशील का, म्हणाली. मी रिकामे कप गोळा करायला लागले. पाठमोरी होऊन नाही म्हटलं. ती पडल्या चेहऱ्याने उठून गेली आणि मी दिवसभर स्वतःला बोल लावत बसले. आठवड्याने तीच मेथी निवडत माझ्याकडे बसली असताना हसायला लागली. कंपनीने तिला त्या एका चहाचे बाराशे रुपये दिले होते. मी घाईने फोनवर उशी ठेवली.

"अगं, तुझ्या भल्याचंच केलं की," ती म्हणाली. "सगळेच करायलेत."

मी करार काढून वाचला. सोळाव्या पानावर 'ओळखीचा परीक्षक' असं कलम होतं. मी वाचलं नव्हतं एवढंच. त्यानंतर घराची कडी वाजली तरी मी आधी फटीतून बघायला लागले. भाजीवाली उधार ठेवू का म्हणाली, मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. माणसं तीच होती, पण प्रत्येकाच्या मागे आणखी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं.

अशात सप्टेंबरच्या एका रविवारी दुपारी भरतेश आला.

भरतेश माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. जयसिंगपूरला राहतो. विजेवरच्या तीन गाड्या घेऊन त्याने शाळेची मुलं ने-आण करायचं काम सुरू केलं होतं. येताना तो नेहमी फोन करतो. त्या दिवशी केला नव्हता, आणि मी दार उघडल्याबरोबर हेच आधी मोजलं. तो बसला, पाणी प्यायला, मग बोलायला लागला. दोन गाड्यांच्या बॅटऱ्या एकदम गेल्या होत्या. नव्या घ्यायला कर्ज मंजूर होतं, पण शुक्रवारपर्यंत जामीनदार हवा होता. नाहीतर शाळा काम काढून घेणार आणि जुन्या कर्जापायी तिन्ही गाड्या जाणार.

"नुसती सही पाहिजे, अक्का," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणाकडं जाऊ?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने दोनदा खिशातल्या फोनकडे पाहिलं. कशासाठी? बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. लाज वाटते म्हणून, की पाठ केलेलं म्हणतोय म्हणून? माझा आकडा सत्तावन्नवर होता. तीनच हवे होते. भरत, तुला कुणी पाठवलंय का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि मी तो गिळला, कारण विचारला असता तर सगळं संपलं असतं. मला लहानपणचा भरतेश आठवेना. समोर बसलेला माणूस माझ्या भावासारखा दिसत होता, एवढंच मला खात्रीने सांगता आलं असतं. मनात एकच मागणं होतं, की हा खोटा असू दे. सख्खा भाऊ बाराशे रुपयांसाठी मला फसवायला आलेला असू दे, असं मी मनापासून मागत होते.

"नाही, भरत," मी म्हटलं. "मला जमणार नाही."

इतक्या सफाईने ते आलं की मीच दचकले. फोनने गोड सूर दिला. काय वाजलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, संदेश असेल. त्याने रिकामं भांडं ओट्यावर नेऊन ठेवलं. मग बरं म्हणाला, पायात चपला घातल्या आणि निघाला. तो वळल्यावर मी आकडा पाहिला. एकसष्ट.

तो दोन-तीन दिवसांत फोन करील, अनुराधासारखा हसेल, असं मी धरून चालले होते. फोन आला नाही. मीही केला नाही. काय विचारणार होते? भाऊबीजेला स्वरूपाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा, या वर्षी येणं होत नाही एवढाच संदेश आला. मी ओवाळायचं ताट घासून ठेवलं होतं, ते पुन्हा फळीवर ठेवलं. परीक्षकांना कार्यक्रम संपेपर्यंत भेटायची बंदी असेल, अशी मी माझी समजूत काढली. भ्यालेल्या माणसाला असल्या समजुती चांगल्या सुचतात.

डिसेंबरात कार्ड आलं. यंत्र आलं, गाळा मिळाला, दारावर माझ्या नावाची पाटी लागली. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी पैसे कमी घे म्हणून हात जोडून उभी राहिली आणि तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी नाही म्हटलं. तपासणीच्या यंत्रात बोलणं नोंदलं जातं, ती गेल्यावर मी सहज ते ऐकून पाहिलं. माझा आवाज कुठेही चढला नव्हता. त्यात श्वाससुद्धा नव्हता.

पंधरा दिवसांनी यादी आली. एक्केचाळीस परीक्षा, तारखेसह. मी दुकानातच उघडली. मावशी होती, डॉक्टर मेंढे होते, अनुराधा होती. शाळेतल्या बाई मात्र नव्हत्या. तो फोन खरा होता. सप्टेंबरच्या ओळींवरून मी बोट फिरवलं, एकदा, पुन्हा, तिसऱ्यांदा. त्या रविवारची ओळच नव्हती.

बाहेर दोन पेशंट बसले होते. त्यांना थांबवून मी स्वरूपाला फोन लावला. तिने राग न करता सगळं सांगितलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिन्ही गाड्या ऑक्टोबरात उचलून नेल्या. शाळेचं काम गेलं. भरतेश आता दुसऱ्याच्या टेम्पोवर आहे. कर्ज थकल्यामुळे पत गेली. नोव्हेंबरपासून तो त्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमात आहे, आकडा चोपन्नवर आलाय. साठ झाला की एक गाडी तरी मिळेल.

मी दुकान बंद केलं आणि जयसिंगपूरला गेले. माझ्या पर्समध्ये नवं कार्ड होतं, साठ हजार रुपये होते, आणि काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं होतं.

दार भरतेशनेच उघडलं. मला बघून त्याचा चेहरा उजळला. लगेच काहीतरी आठवल्यासारखा आक्रसला. त्याने ये म्हटलं नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

मी म्हटलं, "भरत, माझी चूक झाली रे. कागद आण. गाडीला मी जामीन राहते."

"नको," तो म्हणाला.

त्याच्या खिशातून गोड सूर वाजला. त्याचे खांदे किंचित खाली आले.

मी म्हटलं, "मला कुणी पाठवलेलं नाही. शपथ."

"ते असंच म्हणायला लावतात, अक्का."

मग मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे राग असता तर मी पाया पडले असते. तिथे भीती होती. माझ्या सख्ख्या भावाला माझी भीती वाटत होती, आणि ती कसली होती ते जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आता मी रडून-भेकून त्याला पटवलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर त्याचा आकडा तिथल्या तिथे कोसळला असता. त्याला पटवणं म्हणजेच त्याला बुडवणं होतं. मी द्यायला आले होते ते घेणं त्याला परवडणारं नव्हतं.

मला कार्यक्रमाचा आणखी एक नियम माहीत होता. एका माणसाला दिलेले नकार दिवसाला तीनपर्यंत मोजतात, आणि मागणारा किंवा आग्रह करणारा जितका जवळचा तितके गुण जास्त.

आग्रह करण्यात आमच्या घरातल्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. पुढ्यातलं पान पुन्हा वाढल्याशिवाय आम्ही पाहुण्याला उठू देत नाही. मी पर्स उघडली आणि पैसे पुढे केले.

"जामीन नको तर हे साठ हजार घे. परत देऊ नकोस."

"नको." पुन्हा सूर वाजला.

तिसऱ्यांदा आग्रह करायचा तर तो मोडायला सगळ्यात अवघड हवा होता, नाहीतर गुण कमी पडले असते. मी आवाज मोठा केला, खिशातल्या फोनला नीट ऐकू जाईल इतका.

"आईची शपथ आहे तुला. घे."

या वेळी उत्तर आलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. घोटलेलं 'नाही' इतकं रेंगाळत नाही, आता हो येणार, हे माझ्या कानांना समजलं. त्याने श्वास घेतला. फोन ऐकू शकतो, बघू शकत नाही. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, अगदी थोडी.

"नको, अक्का," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. तरी सूर वाजला.

मी पैसे पर्समध्ये ठेवले आणि पायऱ्या उतरायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. पण कान होते. फाटकापर्यंत गेले, रस्त्याला लागले, तरी दार लावल्याचा आवाज आला नाही.